मान खाली, नजर दूर

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात उंचशा गच्चीवर उभं राहून चौफेर नजर टाकली, तर एका बाबतीत सगळ्या जातिधर्मांचं, पक्षांचं आणि भाऊबंदांचंही एकमत झालेलं दिसतं. प्रत्येक घरावरची छत्री आग्नेयेकडे तोंड करून बसलेली असते. वास्तुशास्त्राने ही दिशा स्वयंपाकघराला दिली होती. उपग्रहांनी ती टीव्हीला देऊन टाकली, कारण आपल्या डीटीएच कंपन्यांचे बहुतेक उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ८३ ते ९५ अंश पूर्व रेखांशांच्या आसपास मुक्कामाला आहेत. जरा निरखून पाहिलं की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. घर एक, टीव्ही एक आणि छत्र्या तीन. कंपनी बदलली की नवा डिशवाला नवी छत्री खांद्यावर टाकूनच येतो. जुनीच थोडी फिरवून घेतली असती तरी बहुतेक वेळा भागलं असतं, पण जुनीवर दुसऱ्याच कंपनीचं नाव असतं, आणि आपल्या ग्राहकाने परक्या नावाखाली बसून मालिका बघाव्यात हे कुठल्या कंपनीला सहन होईल? जुनी छत्री उतरवायला शिडी लागते, पाना लागतो आणि घरातल्या कुणीतरी निर्णय घ्यावा लागतो. या तिन्ही गोष्टी एकाच रविवारी एकत्र येत नाहीत. पुढे ब्रॉडबँड आलं आणि तिसऱ्या छत्रीचंही रिचार्ज थांबलं. दूरसंचार नियामकाच्या आकडेवारीत २०२१ च्या सुमारास पैसे भरून डीटीएच पाहणारे सात कोटींच्या आसपास होते. २०२५ पर्यंत ते सहा कोटींच्या खाली आले. ग्राहक कमी झाले म्हणून छत्र्या कमी झाल्या असं मात्र कुणी समजू नये. त्या आहेत तिथेच आहेत, आणि अजूनही आग्नेयेकडे बघताहेत.

या छत्र्या मेल्या आहेत असं त्यांच्या मालकांचं मत आहे, आणि भंगारवाल्याचं मतही फारसं वेगळं नाही. फक्त तो ते वजनावर मांडतो. इथे मांडायचं आहे ते याच्या उलट. गच्चीवरची छत्री धडधाकट आहे. दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या छत्रीशी वायफायने बोलायला ती आज, आहे त्या गंजासकट, तयार आहे. या कामात अडचणी येतात, भरपूर येतात. पण त्यांतली एकही छत्रीकडून येत नाही, हा मुद्दा तपासून पाहण्यासारखा आहे.

आधी मेलं काय ते पाहू. मेलं ते रिचार्ज. फार तर छत्रीच्या दांड्याच्या टोकाला बसवलेली एलएनबी नावाची डबी मेली असेल, कारण तिच्यात इलेक्ट्रॉनिक्स आहे, आणि पावसाचं पाणी व मुंग्या यांना इलेक्ट्रॉनिक्सचं वावडं नाही. छत्री म्हणजे उरली ती नुसती पत्र्याची वाटी. या वाटीचं काम एकच: समोरून सरळ येणाऱ्या सगळ्या लहरी एका बिंदूत, म्हणजे नाभीत, गोळा करायच्या, आणि त्या बिंदूतून निघालेल्या सगळ्या एका दिशेला धाडायच्या. हा गुण पत्र्याचा नाही, आकाराचा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला डायोक्लीस नावाच्या ग्रीक गणितज्ञाने अन्वस्ताचा म्हणजे पॅराबोलाचा हा गुण सिद्ध करून ठेवला. त्याच्या डोळ्यांसमोर सूर्यकिरण गोळा करून वस्तू पेटवणारे आरसे होते. त्या सिद्धतेचं रिचार्ज तेव्हापासून एकदाही करावं लागलेलं नाही. डीटीएचच्या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते, आणि एवढ्या बारीक लहरी नीट परतवायच्या तर पत्र्याचा चढउतार दीड मिलिमीटरच्या आत लागतो. वायफायची जुनी, २.४ गिगाहर्ट्झची लहर सव्वाबारा सेंटीमीटरची. तिला सात मिलिमीटरपर्यंतचा खड्डा जाणवतही नाही. म्हणजे बारीक कामासाठी घडवलेल्या वाटीला आपण जाडंभरडं काम देतो आहोत. गच्चीवरच्या क्रिकेटमध्ये तिला पोचा आला असेल, तर तो तिच्या सौंदर्याचा प्रश्न झाला, कामाचा नव्हे.

आता आकडे, कारण छत्रीची बाजू मांडताना भावनेपेक्षा आकडेच कामाला येतात. घरगुती ६० सेंटीमीटरची छत्री वायफायच्या त्या पट्ट्यात सुमारे २१ डीबीआय देते. साध्या भाषेत, चारही दिशांना उधळून जाणारी शक्ती ती एका दिशेला वळवते आणि त्या दिशेपुरती सव्वाशे पट करते. दोन्ही टोकांना छत्री असेल तर सव्वाशे गुणिले सव्वाशे. ज्या राउटरचं घोडं उघड्या मैदानात शंभर मीटरवर अडतं, ते कागदावर कित्येक किलोमीटर जातं, आणि त्यासाठी विजेचा एक जादा वॉटही लागत नाही. नव्वदच्या दशकात केबलवाल्यांनी गच्च्यांवर चढवलेल्या १२ फुटी जाळीच्या छत्र्यांची गोष्टच वेगळी. १९९१ साली स्टार आणि १९९२ साली झी ज्या वाटीतून आपल्या घरांत उतरले, तसली एखादी वाटी आज सापडली तर ती ३७ डीबीआय देईल, म्हणजे जवळजवळ पाच हजार पट. जाळीला भोकं आहेत म्हणून तिला कमी लेखू नये. लहरीच्या दहाव्या हिश्शापेक्षा भोक लहान असलं की लहरीच्या लेखी ते भोकच नसतं. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस छत्र्यांची जी रेडिओ दुर्बीण उभी आहे, तिच्या वाट्याही तारेच्या जाळीच्याच आहेत. त्यांतून पलीकडचं आभाळ दिसतं आणि त्याच आभाळातलं रेडिओ आकाश त्यांच्यात पकडलं जातं.

खोडदचं नाव निघालं की छत्रीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा पुढे करावा लागतो, आणि तो कल्याणचा आहे. गोविंद स्वरूप हे नाव आज त्या दुर्बिणीमुळे ओळखीचं आहे. १९५३ साली हे तरुण शास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियात शिकायला गेले. सिडनीजवळ पॉट्स हिल इथे सूर्याचं निरीक्षण करायला सहा फुटी ३२ छत्र्यांची रांग होती. तिथल्या मंडळींनी पुढचं, मोठं यंत्र बांधायला घेतलं आणि ही रांग मोडीत निघायच्या बेतात आली. स्वरूप यांनी त्या छत्र्या भारतासाठी मागितल्या. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने त्या भेट द्यायचं कबूलही केलं. इथून पुढची कथा कुठल्याही मराठी कुटुंबाला तोंडपाठ असेल: वस्तू फुकट मिळाली, पण ती आणायचा खर्च कुणी करायचा यावर गाडं अडलं. तोवर स्वरूप अमेरिकेला गेले. छत्र्या दिल्लीला पोचून वाट बघत राहिल्या. १९६३ साली होमी भाभांच्या बोलावण्यावरून स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले, छत्र्या मागवून घेतल्या, आणि १९६५ साली त्या कल्याणला सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. यातली ध्यानात घेण्याची गोष्ट लहरींची आहे. या छत्र्या मुळात १,४२० मेगाहर्ट्झसाठी लावल्या होत्या. ऑस्ट्रेलियातच स्वरूप आणि त्यांचे सहकारी पार्थसारथी यांनी त्यांना ५०० मेगाहर्ट्झ ऐकायला लावलं. कल्याणला त्या ६१० वर चालल्या. तिन्ही वेळा वाटी तीच, फक्त नाभीतलं यंत्र वेगळं. देशातल्या रेडिओ खगोलशास्त्राचा पहिला मोठा प्रयोग मोडीत काढलेल्या छत्र्यांवर उभा राहू शकतो, तर शेजारच्या वाडीतल्या गोठ्यावरचा कॅमेरा घरी बसून बघण्याएवढी अपेक्षा गच्चीवरच्या छत्रीकडून ठेवायला हरकत नसावी.

सूर्याचं ठीक, वायफायचं बोला, असं कुणी म्हणेल. तेही झालेलं आहे, आणि इतकं झालेलं आहे की ऐकून विश्वास बसू नये. व्हेनेझुएलाच्या मेरिदा शहरात एर्मान्नो पिएत्रोसेमोली नावाचे प्राध्यापक दूरच्या वायफायच्या मागे लागले होते. हव्या तेवढ्या ताकदीची अँटेना त्यांना देशात मिळेना, म्हणून त्यांनी उपग्रहासाठी वापरून झालेल्या छत्र्या शोधल्या आणि त्यांच्या नाभीतलं यंत्र बदललं. आधी ८० सेंटीमीटरच्या छत्रीवर कल्पना पारखली, मग २.४ मीटरची घेतली. २००६ साली आंदीज पर्वतातल्या एल आगिला या शिखरावरून मैदानातल्या एल बाउलपर्यंत त्यांनी वायफाय पोचवलं. अंतर २७९ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून सरळ रेषेत छत्रपती संभाजीनगर गाठून वर थोडं उरेल इतकं. पुढच्या वर्षी त्याच शिखरावरून ३८२ किलोमीटर. दोन्ही टोकांना राउटर होते ते घराघरांत कपाटावर ठेवतात तसले. एवढ्या अंतरात मधे पृथ्वीच आडवी येते. २७९ किलोमीटरच्या मध्यावर तिचा फुगवटा हजार मीटरच्या वर भरतो, म्हणून एका टोकाला चार हजार मीटरच्या वरचं शिखर लागलं. छत्रीला त्याचं काही वाटलं नाही. नडला तो राउटर. वायफायची शिस्त अशी की पाठवलेल्या प्रत्येक पुडक्याची पोच काही मायक्रोसेकंदांत यायला हवी. मुलाची एसटी स्टँडमधून हलायच्या आधीच ‘पोचलास का?’ म्हणून फोन करणाऱ्या आईइतकाच हा राउटर धीराचा असतो. २७९ किलोमीटर जाऊन परत यायला प्रकाशालाही जवळपास दोन मिलिसेकंद लागतात. तोवर राउटर पुडकं हरवलं असं धरून तेच पुन्हा पाठवतो, मग पुन्हा. शेवटी त्याच्या आतली आज्ञावली बदलून त्याला थांबायला शिकवावं लागलं. वाटीत बदल काहीच नाही.

मेरिदाच्या त्या प्रयोगात एक गंमत होती, आणि ती आपल्या प्रत्येक छत्रीत आहे. घरगुती छत्रीची एलएनबी वाटीच्या बरोबर समोर नसते, खालच्या बाजूने निघालेल्या दांड्यावर असते. कारण ही वाटी म्हणजे अख्खा पॅराबोला नाही, मोठ्या पॅराबोलाच्या एका बाजूचा काप आहे. त्यामुळे छत्रीचं तोंड दिसतं एकीकडे आणि नजर असते त्याहून बावीस-पंचवीस अंश वर. आभाळाकडे बघताना हा भेद कुणाच्या ध्यानात येत नाही. पण तिला क्षितिजावरच्या गावाकडे बघायला लावायचं, तर वाटी तेवढीच पुढे झुकवावी लागते. मग ती गच्चीवर मान खाली घालून उभी राहते. दहा किलोमीटरवरचं बोलणं ऐकत असते, पण दिसते खालच्या तुळशीकडे बघत असल्यासारखी. रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस सांगतो की तुमच्या डिशचं फिटिंग ढिलं झालंय. एखादा उत्साही भाचा वर जाऊन ती सरळही करून येतो, आणि दहा किलोमीटरवरचं गाव बंद पडतं. पिएत्रोसेमोलींच्या छत्रीतला हा फरक साडेबावीस अंशांचा होता. त्यांनी तर चाचणीसाठी आठ अंश चढावर असलेल्या डोंगराकडे बघायलाही ती चौदा अंश खाली वाकवली होती.

प्रत्यक्ष बदल करायचा म्हणजे फार काही नाही. एलएनबी काढायची, तिच्या कडीत वायफायचा रेडिओ बसवायचा. त्याच्या पुढे हवी तर तांब्याच्या तारेची जोडचौकट: वायरिंगच्या तारेचा साडेचोवीस सेंटीमीटरचा तुकडा घेऊन, सव्वातीन सेंटीमीटरलाही न पोचणाऱ्या बाजूंचे दोन चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून वाकवायचे आणि हाताच्या पंजाएवढ्या पत्र्यापासून दीड सेंटीमीटरवर उभे करायचे. नाहीतर पत्र्याचा गोल डबा. डब्याचा व्यास साडेसात ते साडेनऊ सेंटीमीटरच्या आत हवा. त्याहून अरुंद डब्यात लहर शिरत नाही आणि रुंद डब्यात ती नको ते वळण घेते. त्यामुळे या छंदाला लागलेला माणूस स्वयंपाकघरात पट्टी घेऊन फिरताना आढळतो, आणि मापात बसणारा डबा नेमका अर्धा भरलेला असतो. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातले स्टॅन स्वान तर डब्यावरही थांबले नाहीत. चिनी स्वयंपाकातला तळणीचा जाळीदार झारा घेऊन त्यांनी त्याच्या नाभीत यूएसबी डोंगल बांधलं. झाराही वाटीच्याच आकाराचा. एकच मोह टाळायचा, तो जुन्या छत्रीची काळी केबल वापरण्याचा. वायफायच्या पट्ट्यात त्या केबलचा वीस मीटरचा तुकडा चार-पंचमांश सिग्नल वाटेतच गिळतो. म्हणून रेडिओ वरच, नाभीत ठेवायचा आणि खाली नेटवर्कची केबल सोडायची.

आता आक्षेप. पहिला पावसाचा, कारण छत्री आणि पाऊस यांचं वैर महाराष्ट्राने मालिकेच्या ऐन उत्कंठेच्या क्षणी अनुभवलेलं आहे. तो आक्षेप टीव्हीच्या लहरींपुरता खरा आहे. अडीच सेंटीमीटरच्या लहरीला जोरदार पावसाचे थेंब अडवतात आणि शोषतात. सव्वाबारा सेंटीमीटरच्या लहरीला ते नगण्य. कोकणातल्या मुसळधार पावसातही दहा किलोमीटरच्या वाटेवर तिचा तोटा मोजायला बसलं तर हाती फारसं काही लागत नाही. तरीही पावसाळ्यात अशा जोडण्या पडतात, आणि दोष पुन्हा छत्रीवर येतो. खरा गुन्हेगार साग. जोडणी लावायचा उत्साह माणसाला फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तेव्हा साग पानं गाळून उभा असतो आणि पलीकडचं गाव फांद्यांमधून स्वच्छ दिसतं. जुलैत त्याच फांद्यांवर परातीएवढी ओली पानं आलेली असतात. शिवाय ‘दिसतंय ना, मग झालं’ हे लहरीला पटत नाही. ती दोन टोकांच्या मधे फुगून चालते. दहा किलोमीटरच्या मध्यावर तिचा फुगा सतरा-अठरा मीटर त्रिज्येचा होतो आणि त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा लागतो. म्हणजे मधल्या झाडांच्या शेंड्यांपासून दहा-अकरा मीटर वर. नारळाचं झाड आज किती उंच आहे हे पाहून भागत नाही. त्याचा पुढचा बेतही विचारात घ्यावा लागतो.

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो गमतीवारी नेण्यासारखा नाही. जानेवारी २००५ पासून २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवान्याविना वापरता येतो, पण अटींवर. अँटेनातून एका दिशेला जाणारी परिणामी शक्ती चार वॉटच्या आत हवी आणि अँटेना इमारतीच्या छतापासून पाच मीटरपेक्षा उंच नको. आता सव्वाशे पटीच्या वाटीपुढे शंभर मिलिवॅटचं डोंगल ठेवलं तर परिणामी शक्ती साडेबारा वॉट होते, म्हणजे मर्यादेच्या तिपटीहून जास्त. तेव्हा रेडिओचा आवाज बत्तीस मिलिवॅटपर्यंत खाली आणावा लागतो. मग छत्रीचा फायदा काय राहिला, असं वाटेल. इथेच कायद्याची एक शहाणी बाजू दिसते. त्याने बोलण्यावर मर्यादा घातली आहे, ऐकण्यावर घातलेली नाही. ऐकताना छत्रीचे सव्वाशे पट पूर्णच्या पूर्ण मिळतात. हळू बोलायचं आणि मन लावून ऐकायचं, ही अट दोन्ही टोकांनी पाळली तर दहा किलोमीटरवर सिग्नल उत्तम पोचतो. गणित केलं तर केबलचा आणि नेम चुकल्याचा तोटा धरूनही गाठीला भरपूर उरतं. ही अट माणसांच्या संभाषणाला लावण्याची सूचना अजून कुणी केलेली नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये पाच गिगाहर्ट्झचेही मोठे पट्टे मोकळे झाले. तिथे हीच वाटी २८ डीबीआय देते, पण नेमही तितकाच काटेकोर लागतो.

नेम म्हटलं की तिसरा आक्षेप येतो: हे लावणार कोण? २.४ वर ६० सेंटीमीटरच्या छत्रीचा झोत चौदा अंशांचा, म्हणजे दहा किलोमीटरवर अडीच किलोमीटर रुंद. उपग्रहासाठी त्याच छत्रीचा नेम जेमतेम तीन अंशांत बसवावा लागला होता, आणि तोही छत्तीस हजार किलोमीटरवर. तो बसवणाऱ्या पोराकडे एक पाना आणि खालून ‘आलं!’ ‘गेलं!’ ओरडणारे काका यांखेरीज काही नव्हतं. दूरदर्शनच्या काळापासून ही विद्या आपल्या घराघरांत आहे. ती वायफायला पुरून उरते. शहरात मात्र हा चौदा अंशांचा झोत शापच ठरतो. अडीच किलोमीटर रुंदीत जेवढे राउटर बसले असतील तेवढ्यांची बडबड छत्री इमानाने ऐकते, आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच. म्हणून मुंबई-पुण्यात छत्र्या सगळ्यात जास्त आणि त्यांचा उपयोग सगळ्यात कमी. शहरात सोसायटीचा प्रश्न वेगळाच. बत्तीस मिलिवॅटच्या छत्रीमुळे किरणोत्सर्ग होईल अशी भीती चेअरमन बोलून दाखवतात, तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशातला मोबाईल टॉवर शोधताना त्याहून कितीतरी जास्त शक्ती सोडत असतो. पण खिसा त्यांचा आणि गच्ची सामायिक.

सगळ्यात वजनदार आक्षेप हा की, एवढा खटाटोप कशाला? मोबाईलचा डेटा स्वस्त आहे, आणि दोन टोकांना बसवायची तयार यंत्रं बाजारात मिळतात. हा आक्षेप निम्मा मान्य करायला हवा. जिथे टॉवर आहे तिथे छत्रीने उगाच पुढे पुढे करू नये. सह्याद्रीच्या ज्या सांदीत टॉवर पोचत नाही, तिथे छत्रीही बहुधा पोचणार नाही, कारण टॉवरला आडवा आलेला डोंगर छत्रीलाही सोडत नाही. पण या दोहोंच्या मधे बराच मुलूख आहे. घर गावात आणि विहिरीवरचा पंप चार किलोमीटरवर. शाळेत फायबर आलंय, पण पलीकडच्या टेकाडावरच्या वस्तीपर्यंत कुणी खांब रोवायला तयार नाही. इथे महिन्याचं भाडं न मागणारी जोडणी हवी असते, आणि तयार यंत्रांचं म्हणाल तर ती विकणाऱ्यांनीच छत्रीच्या बाजूने कौल दिलेला आहे. लात्वियातली मायक्रोटिक ही कंपनी एलडीएफ नावाचं एक यंत्र बनवते. त्यात रेडिओ आहे, छोटी अँटेना आहे आणि वाटी नाही. ते एलएनबीच्या जागी घरच्या छत्रीच्या कडीत अडकवायचं. वाटी तुमच्या गच्चीवर आहेच, ती आम्ही कशाला विकायची, असा साधा हिशेब एका परदेशी कारखानदाराने मांडला. आपण ती वजनावर देत होतो.

खरी कसोटी मात्र दोन छत्र्यांच्या मधल्या अंतराची नाही, दुसऱ्या टोकाची आहे. टीव्हीच्या छत्रीला दुसऱ्या टोकाची चिंता नव्हती. तिकडे उपग्रह होता आणि त्याला कधी भारनियमन लागलं नाही. वायफायच्या छत्रीपलीकडे मात्र माणूस असतो आणि त्याच्या घरी महावितरणची वीज असते. तमिळनाडूत तेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर गावोगावची दृष्टी केंद्रं अशाच लांबच्या वायफायने जोडली. काही अंतरं पंधरा किलोमीटरपर्यंत होती. खेड्यातला रुग्ण केंद्रात बसायचा आणि डॉक्टर रुग्णालयात बसून पडद्यावर त्याच्याशी बोलायचे. तिथल्या अँटेना भंगारातल्या नव्हत्या, विकतच्याच होत्या, पण त्या संशोधकांनी बिघाडांचा जो हिशेब ठेवला तो भंगारवाल्या छत्रीलाही लागू पडतो. बहुतेक बिघाडांचं मूळ रेडिओत नव्हतं, वाऱ्यात नव्हतं, पावसातही नव्हतं. ते होतं विजेत: एकदम चढणारा दाब, हळूहळू मरणारी बॅटरी, आणि दाब कमी असताना अर्धवट जागा होऊन तसाच अडकून बसणारा राउटर. त्यांनी मग रेडिओ बाजूला ठेवून विजेचीच सोय दुरुस्त करायला घेतली. दाब ठरावीक पातळीखाली गेला की राउटरची वीज सरळ तोडून टाकणारी छोटी यंत्रं बसवली. तेव्हा हा उद्योग करणाऱ्याने खर्चाचा कागद लिहायला घेतला, तर त्यात पहिली नोंद स्टॅबिलायझरची करावी, दुसरी बॅटरीची, आणि तिसरी पलीकडच्या घरातल्या त्या शाळकरी पोराच्या मोबाईल रिचार्जची, जो फोन केल्यावर ‘काका, लाल दिवा लागलाय, बंद करून चालू करू का?’ असं विचारतो आणि उत्तराची वाट न बघता करून टाकतो.